बोट घ्यावी की स्विमिंग पूल बांधावा? खरेदीनंतरच्या पंधरा वर्षांचा हिशेब

तुलना नेमकी व्हावी म्हणून दोन ठरावीक नमुने समोर धरले आहेत. एक, ६ मीटर लांबीची फायबरची उघडी बोट, मागे ११५ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. दुसरा, जमिनीत बांधलेला ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पूल, म्हणजे ४८,००० लिटर पाणी. मुदत १५ वर्षे. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून हिशेब लिटर, युनिट, किलो आणि तासांत मांडला आहे. आपापल्या दराने गुणून घ्यावे.

निकाल आधीच सांगायचा तर, पूल रोज थोडे थोडे मागतो आणि पुढे कधी किती मागणार हे बरेचसे आधी कळते. बोट महिनोन्महिने गप्प बसते आणि मग एका दमात मागते. मात्र नको झालेली बोट विकता येते. पूलला ती सोय नाही.

पूल: पंपापासून सुरुवात

लोक पाण्याचा आणि क्लोरीनचा खर्च विचारतात. आधी पंपाकडे बघावे. १ अश्वशक्तीचा एकाच वेगाचा पंप साधारण १ किलोवॉट ओढतो. रोज ८ तास चालवला की ८ युनिट, वर्षाला २,९००च्या वर, १५ वर्षांत सुमारे ४४,०००. बांधकाम करणारा बहुतेक वेळा हाच पंप सुचवतो, कारण तो स्वस्त पडतो आणि वीजबिल त्याला भरायचे नसते.

वेग बदलता येणारा पंप महाग असतो, पण गणित त्याच्या बाजूचे आहे. फिरण्याचा वेग निम्मा केला की पाणी निम्मे येते, वीज मात्र जवळपास एक-अष्टमांश लागते. तेवढेच पाणी फिरवायला ८ऐवजी १६ तास चालवला तरी कागदावर दिवसाला २ युनिट होतात. मोटर आणि कंट्रोलरमधली घट धरून अडीच-तीन म्हणा. रोजची ५ युनिटे वाचली. अडचणी दोन. हीटर आणि मिठाचा क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारे यंत्र) यांना किमान प्रवाह लागतो, त्याखाली ते आपोआप बंद होतात. आणि वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुणे, कमी वेगात होत नाही, कारण वाळू उचललीच जात नाही. म्हणून रोजच्या फेऱ्या मंद वेगात आणि बॅकवॉश पूर्ण वेगात, असे टायमरवर लावून ठेवावे.

पंपाखाली ओल दिसू लागली की मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग, गेले असे समजावे. भाग छोटा आणि स्वस्त असतो. दुर्लक्ष केले तर पाणी शाफ्टवरून मोटरच्या बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग किंचाळायला लागते आणि शेवटी अख्खी मोटर बदलावी लागते. नवे सील बसवताना त्याच्या गुळगुळीत घासपृष्ठाला हात लावू नये. हाताचा तेलकटपणाही ते पुन्हा गळायला पुरतो.

क्लोरीन, आणि टॅब्लेटचा सापळा

उन्हातला उघडा पूल दिवसाला सुमारे २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, क्लोरीन खातो. ४८,००० लिटरला हे ९६ ग्रॅम शुद्ध क्लोरीन झाले, वर्षाला ३५ किलो. ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडरने ते भरायचे तर ५४ किलो लागेल, १० टक्क्यांच्या द्रव क्लोरीनने साडेतीनशे लिटर आणि ९० टक्क्यांच्या ट्रायक्लोर टॅब्लेटने ३९ किलो. टॅब्लेट सगळ्यात सोयीची. तरंगत्या डब्यात टाकली की आठवडाभर विसरता येते, आणि विसरण्यातच घोटाळा आहे.

ट्रायक्लोरमधून येणाऱ्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनमागे ०.६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात जमा होते. रोज २ पीपीएम क्लोरीन म्हणजे महिन्याला ३६ पीपीएम ॲसिड. हे ॲसिड क्लोरीनला उन्हापासून वाचवते, म्हणून ३० ते ५० पीपीएम हवेच. त्याच्याशिवाय भर उन्हात निम्मे क्लोरीन तासाभरात संपते. पण ते उडून जात नाही आणि वाळूच्या फिल्टरमध्ये अडकतही नाही. तिसरा महिना संपेपर्यंत ते शंभरी गाठते. मग तपासणीची पट्टी क्लोरीन ३ दाखवते आणि पाणी तरी हिरवे पडते, कारण बहुतेक क्लोरीन ॲसिडने धरून ठेवलेले असते. अशा वेळी शेवाळनाशकाच्या बाटल्या घेत बसणे म्हणजे रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे. निम्मे पाणी, म्हणजे २४,००० लिटर, सोडून नवे भरणे हाच उपाय. आमचा सल्ला असा की टॅब्लेट सायन्युरिक ॲसिड ४० पीपीएम होईपर्यंतच वापराव्यात, पुढे द्रव क्लोरीन. ते मात्र उष्णतेत कमकुवत होत जाते, त्यामुळे महिन्यापेक्षा जास्त साठा करू नये. आणि ट्रायक्लोर व हायपोक्लोराइट पावडर एका डब्यात कधीही मिसळू नये. ओल लागली तर आग लागते, डबा फुटतोही.

पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.२ ते ७.६ ठेवावा. ७.२ला क्लोरीनचा दोन-तृतीयांश भाग काम करणाऱ्या रूपात असतो, ८ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच मोजायचा कंटाळा केला की विकत घेतलेले बहुतेक क्लोरीन नुसते पाण्यात पडून राहते. पीएच उतरवायला ॲसिड टाकताना आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड.

मिठाच्या क्लोरिनेटरबद्दल ‘एकदा बसवा, खर्च संपला’ असे सांगितले जाते. सुरुवातीला लिटरला साडेतीन ग्रॅमप्रमाणे १६८ किलो मीठ घालावे लागते, तेवढे स्वस्तच आहे. महाग असतो तो सेल, म्हणजे क्लोरीन तयार करणाऱ्या प्लेटांचा भाग. त्याचे आयुष्य सुमारे १०,००० तास, रोज ८ तास चालला तर साडेतीन वर्षे. म्हणजे १५ वर्षांत चार वेळा सेल बदलणे आले. त्यावर कॅल्शियमचा थर साचतो म्हणून लोक तो वरचेवर ॲसिडने धुतात, आणि प्रत्येक धुण्याबरोबर प्लेटवरचा मौल्यवान धातूंचा लेपही झिजतो. थर दिसेल तेव्हाच आणि पातळ ॲसिडनेच धुवावा. शिवाय या पद्धतीत पीएच सतत वर सरकतो, त्यामुळे ॲसिडचा खर्च सुटत नाही. शिडी आणि कठड्याचे स्टील हलक्या प्रतीचे असेल तर तेही गंजते.

पाणी, कव्हर आणि तळ

रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर ३२ चौरस मीटर पृष्ठभागावरून १६० लिटर जातात. वर्षाला ५८,००० लिटर, म्हणजे पूल पुरता भरून वर उरेल एवढे. आठवड्याच्या बॅकवॉशला ५०० लिटर धरले तर आणखी २६,०००. बॅकवॉश तारखेवर करू नये, प्रेशर गेजवर करावे. स्वच्छ फिल्टरचा आकडा गेजशेजारी लिहून ठेवावा आणि त्यापेक्षा अर्धा बार वर गेला की धुवावे. थोडा मळलेला फिल्टर उलट बारीक कण जास्त अडवतो. वाळू पाच-सात वर्षांनी बदलायची, सव्वाशे ते दीडशे किलो.

या सगळ्यात पैसे वसूल करणारी एकच वस्तू म्हणजे कव्हर. नीट बसणारे कव्हर बाष्पीभवन नव्वद टक्क्यांच्या आसपास रोखते. पाणी वाचते, कचरा पडत नाही, उन्हात क्लोरीन कमी जाते आणि उष्णता टिकते. तापवलेल्या पूलला तर ते हवेच. एवढे पाणी १ अंशाने तापवायला ५६ युनिट उष्णता लागते, हीट पंपाने दहा-अकरा युनिट वीज, आणि त्या उष्णतेचा सर्वात मोठा वाटा बाष्पीभवनातून निघून जातो. गुंडाळायचा रोलर नसेल तर कव्हर दोन महिन्यांत कोपऱ्यात जाते. त्यामुळे रोलरसकट घ्यावे.

मोठे खर्च ठरलेल्या वेळी येतात. सिमेंटचे प्लास्टर साधारण दहा वर्षे टिकते, व्हिनाइलचे लायनर सात ते बारा, फायबरच्या तयार टाकीचा गेलकोट (वरचा गुळगुळीत थर) पंधरा-वीस. टाइल्स जास्त टिकतात, पण त्यांच्या सांध्यातला ग्राउट टिकत नाही. पीएच नेहमी कमी राहिला तर प्लास्टर खडबडीत होते, जास्त राहिला तर त्यावर खरपुडी धरते. म्हणजे रोजच्या दहा मिनिटांच्या तपासणीचा हिशेब दहाव्या वर्षी होतो.

आणि इथेच सगळ्यात महागडी चूक घडते. प्लास्टरसाठी पूल रिकामा करतात आणि जमिनीखालचे पाणी वर आलेले असते. आतले ४८ टन वजन निघून गेले की खालचा दाब टाकीला वर उचलतो, फायबरच्या टाकीला तर लीलया. कोपरा दोन इंच जरी वर आला तरी पाइप तुटतात. म्हणून तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालचा दाब वाढला की जमिनीतले पाणी आत घेणारी झडप) आहे का आणि तो मोकळा आहे का, हे आधी बघावे. पावसाळी दिवसांत पूल रिकामा करूच नये.

बोट: ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न

बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी बाजूला ठेवावेत, असा एक ठोकताळा सर्रास सांगितला जातो. तो नव्या बोटीला बऱ्यापैकी लागू पडतो. जुनी बोट निम्म्या-पाव किमतीत घेणारे त्याच पाव किमतीचे दहा टक्के काढतात आणि फसतात. इंजिनाला बोटीचा सौदा कितीला झाला हे माहीत नसते. इंपेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातले रबरी चक्र), तेल, रंग, धक्क्याचे भाडे सगळे नव्याच्याच भावाने लागते. दहा टक्के काढायचे तर तशीच बोट आज नवी केवढ्याला पडेल, त्यावर काढावेत.

खर्चाचे अर्धे गणित बोट कुठे उभी राहते यावर ठरते. पाण्यात ठेवली तर धक्क्याचे भाडे लांबीवर लागते. बऱ्याच ठिकाणी पोहायला उतरण्याची मागची फळीही मोजतात, म्हणून भाडे विचारताना कागदावरची लांबी सांगून चालत नाही. पाण्यातल्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, म्हणून ते धरू न देणारा अँटिफाउलिंग रंग. आपल्या नमुन्याचा तळ १२ ते १५ चौरस मीटर आहे, दोन हात द्यायला सुमारे ३ लिटर रंग लागतो. तोही बहुधा दरवर्षी, वर बोट उचलण्याचे, धुण्याचे आणि घासण्याचे पैसे. तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियमच्या बोटीला लावू नये, तळाला भोके पडतात.

ट्रेलरवर ठेवली तर हे सगळे वाचते आणि ट्रेलरचा खर्च येतो. तो कमी आहे, पण त्याची एक खोड आहे. लांबवर ओढून आणल्यावर चाकाचे हब (मधला बेअरिंगचा भाग) गरम असतात. तसेच थंड पाण्यात उतरवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस धुतले जाते आणि पुढच्या खेपेला बेअरिंग जाम होते, तेही रस्त्यात. उतरवण्यापूर्वी हब हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे आणि वर्षातून एकदा ग्रीस बदलावे. टायर झिजण्याआधी वयाने जातात. पाच-सहा वर्षांनी बाजूला चिरा दिसू लागल्या की बदलावेत.

इंधनाचे गणित सोपे आहे. पेट्रोलचे फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात दर अश्वशक्तीला तासाला ०.३ लिटरच्या आसपास पिते. ११५ अश्वशक्तीला ३५ ते ४० लिटर. मध्यम वेगात त्याच्या निम्मे. वर्षाला ५० तास फिरली तर हजार लिटरच्या आत-बाहेर.

सर्व्हिस दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. नव्या इंजिनाची पहिली सर्व्हिस २० तासांनंतर, ती चुकवू नये. इंजिन ऑइल चार-पाच लिटर, ऑइल फिल्टर, गिअर ऑइल, इंधनाचा फिल्टर, प्लगची तपासणी. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर दोन-तीन वर्षांनी बदलायचा. इंजिन कोरडे चालू केले तर तो मिनिटभरात जळतो. तुटलेल्या इंपेलरचे सगळे तुकडे मोजून बाहेर काढावेत. एक जरी राहिला तरी इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत अडकतो, नवा इंपेलर बसवूनही इंजिन तापते आणि मेकॅनिक भलतीकडे शोधत बसतो.

वर्षातून एकदा पंखा (प्रोपेलर) काढून शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळली गेली आहे का ते बघावे. ही तंगूस सील कापते, गिअर ऑइलमध्ये पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. सील किरकोळ भावाचे, गिअरकेस मात्र इंजिनाच्या किमतीचा मोठा लचका तोडते. तेल भरताना खालच्या भोकातून भरावे आणि वरच्या भोकातून हवेचे बुडबुडे न येता तेल येऊ लागले की थांबावे. वरून ओतले तर आत हवा अडकते. स्क्रूचे वॉशर दर वेळी नवे.

खाऱ्या पाण्यात ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, झिजलाच पाहिजे, ते त्याचे कामच आहे. निम्मा झाला की बदलायचा. वर्षभर नवा कोरा दिसणारा ॲनोड पाहून खूश होऊ नये. त्याची जोडणी सुटली आहे आणि त्याच्याऐवजी इंजिनाचे ॲल्युमिनियम झिजते आहे, असा त्याचा अर्थ होतो. त्यावर रंगही चढवू नये. खाऱ्या पाण्याला जस्त किंवा ॲल्युमिनियमचा, गोड्याला मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियमचा समुद्रात बघता बघता विरघळतो.

पूलला जसे प्लास्टर महागात पडते, तसा बोटीला ट्रान्सम, म्हणजे मागची आडवी भिंत. पावणेदोनशे किलोंचे इंजिन तिला टांगलेले असते आणि फायबरच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा प्लायवूड असते. कोणीतरी मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर बसवायला दोन स्क्रू मारतो आणि सीलंट लावायला विसरतो. पाणी आत झिरपते, लाकूड पाचेक वर्षांत भुशासारखे होते. दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवणे, कातडी उघडणे, नवा गाभा भरणे. जुन्या बोटीच्या बाबतीत हा खर्च कधीकधी बोटीच्याच किमतीवर जातो.

मोठी बोट घेण्याआधी एक गुणाकार करून बघावा. ६ मीटरऐवजी ९ मीटर म्हणजे लांबी दीडपट, पण आकार त्याच प्रमाणात वाढला तर वजन जवळपास ३.४ पट. इंजिन, इंधन, रंग, उचलण्याची क्रेन हे सगळे वजनामागे धावतात.

न वापरता पडून राहिले तर

नीट ठेवलेले आउटबोर्ड दीड हजार तास सहज चालते. वर्षाला ५० तासांनी १५ वर्षांत होतात ७५०. तरीही या वयाची बरीच इंजिने आधीच मरतात, कारण त्यांना चालणे मारत नाही, उभे राहणे मारते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते. तीनेक महिन्यांत पेट्रोल शिळे होते, खाली पाण्याचा थर बसतो आणि इंजेक्टर चिकटतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दहा-पंधरा मिनिटे गोड्या पाण्याने धुतले नाही तर आतल्या वाटांत मीठ धरते. बॅटरी तीन ते पाच वर्षांत जाते, आणि चार्ज न करता ठेवली तर त्याआधीच. पाण्यातल्या बोटीची बॅटरी गेली की बिल्ज पंपही (बोटीत साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) गेला. एका मोठ्या पावसात बोट तळाला.

पूललाही सुट्टी देता येत नाही, पण त्याला निदान लक्ष न देता चालवता येते: कव्हर घातलेले, पंप मंद वेगात, आठवड्याला एक फेरी. खर्च निम्म्यावर येतो, शून्यावर कधीच नाही.

म्हणून दर तासाचा भाव काढावा. घरातले लोक वर्षातले २०० दिवस रोज तासभर पोहत असतील तर पूलचे २०० तास होतात, बोटीचे ५०. बोटीचा वर्षाचा खर्च पूलच्या निम्मा असला तरी तासाला ती दुप्पट महाग पडते. रोज घरी असणाऱ्यांनी पूलच घ्यावा, असे आमचे मत. वर्षातून दहा-बारा वेळाच पाण्यावर जाणाऱ्यांनी बोट भाड्याने घ्यावी. विकत घ्यायचीच तर ट्रेलरवर मावणारी, ६ मीटरच्या आतली.

सोडवणूक हा शेवटचा मुद्दा. बोटीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, मग उतार मंदावतो. त्यामुळे पाच-सात वर्षे वापरलेली, सर्व्हिसची नोंदवही असलेली बोट घेणे सगळ्यात फायद्याचे. पूल नको झाला तर तळ फोडून पाण्याला वाट करावी लागते, भराव थराथराने दाबावा लागतो, आणि त्या जागेवर पुढे बांधकाम करायचे तर आणखी सोपस्कार. मोडकळीला आलेली फायबरची बोटही फुकट जात नाही, तिची विल्हेवाट पैसे देऊनच लावावी लागते.

जुना पूल असलेले घर घेताना बादलीची चाचणी करावी. पूलच्या पायरीवर बादली ठेवून तिच्यात बाहेरच्या पातळीइतके पाणी भरावे आणि २४ तास पंप चालू, २४ तास बंद ठेवून दोन्ही पातळ्या मोजाव्यात. पूलचे पाणी बादलीपेक्षा जास्त उतरले तर गळती आहे. फक्त पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर ती बहुधा पंपापुढच्या दाबाच्या पाइपात आहे. जुन्या बोटीचा ट्रान्सम प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जावा. टणक आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला की तिथे लाकूड कुजले आहे. मग इंजिन तिरके उचलून खाली-वर हलवावे, ट्रान्सम वाकताना दिसतो का बघावे. शेवटी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू विकणाऱ्यासमोरच सैल करावा. आधी पाणी आले किंवा तेल दुधाळ निघाले, तर किमतीची बोलणी तिथून नव्याने सुरू करावीत.